दोन बोटांचं अंतर

बर्फाच्या कारखान्याची भिंत संपते तिथे गाडी दचकली. रस्ता रिकामा होता. दुपारचे सव्वाबारा, ऊन डोक्यावर, समोर चिटपाखरू नाही, आणि चाळीसच्या वेगाने नीट चाललेली गाडी कुणीतरी मानगूट धरून मागे ओढावं तशी जागच्या जागी थांबली. पट्टा छातीत रुतला. मागच्या सीटवरची पाण्याची बाटली गडगडत खाली गेली. स्टिअरिंग त्याच्या हातात नव्हतंच. ते त्याच्यासमोर आपलं आपण किंचित डावीकडे वळलं आणि परत सरळ झालं. त्याचा उजवा पाय ब्रेकच्या वर होता, टेकलेला नाही, दोन बोटं अंतर राखून अधांतरी. गेले आठ महिने कामाच्या वेळात तो पाय तिथेच असायचा.

"काका, कारण बोला," शेजारच्या सीटवरची इंजिनिअर मुलगी म्हणाली. मांडीवरच्या लॅपटॉपवरून तिने मान वर केली नाही.

नियमच होता तसा. आपोआप चालणाऱ्या गाडीने काही वेडंवाकडं केलं किंवा ड्रायव्हरने गाडी हातात घेतली, की स्टिअरिंगजवळचं बटण दाबायचं आणि एका वाक्यात कारण बोलायचं. ते वाक्य कुठेतरी साठत जायचं. त्याने बटण दाबलं, तांबडा ठिपका पेटला. वाक्य तयार होतं, दिवसातून दहादा बोललेलं होतं: समोर काही नाही, विनाकारण ब्रेक. पण आज ते ओठांवर आलं आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं एक वाक्य आलं. इथे कारण नसताना ब्रेक लागला. तीन आठवड्यांपूर्वी, त्याच्या स्वतःच्या गाडीत, कारण पुढ्यात ढळढळीत उभं असताना ब्रेक लागला नाही, आणि का लागला नाही हे त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्या हाताचं खापर बायकोच्या भावाच्या डोक्यावर फुटलं होतं. आणि आज सकाळी, डाव्या हाताने दात घासता घासता, बायको त्याला म्हणाली होती, "दादा शुक्रवारी गॅरेजच्या किल्ल्या मालकाला परत करतोय. म्हणतो, ज्या हाताने बहिणीचा हात मोडला त्या हाताने आता लोकांच्या गाड्यांना शिवायचं नाही." आज बुधवार होता.

"काका?"

"समोर काही नाही," तो म्हणाला. "विनाकारण ब्रेक."

"थँक्यू." तिने काहीतरी टिपलं. गाडी आपणहून निघाली, जणू मघाशी थांबली ती दुसरीच कुणी होती.

या भिंतीपाशी ती का दचकते हे कुणालाच कळलं नव्हतं. इंजिनिअर लोकांनी येऊन भिंतीचे फोटो काढले, जमिनीवर पट्ट्या लावून मोजमापं घेतली, दोनदा नवं सॉफ्टवेअर चढवलं, आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच दचकली. ड्रायव्हरांच्या खोलीत चहाच्या किटलीमागे एक वही असायची. कंपनीच्या फॉर्ममध्ये कारणांचे अकरा रकाने होते आणि गाड्यांच्या खोड्या काही त्यात मावत नव्हत्या, म्हणून कुणीतरी ही वही सुरू केली होती आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'जित्याची खोड'. पुढचं लिहायची गरज नव्हती. चार नंबरची गाडी पुलाच्या सावलीला खड्डा समजते. सात नंबरची लाँड्रीच्या पाइपातून वाफ आली की माणूस आला म्हणून थांबते, आणि वाफ विरली की माणूस गेला कुठे म्हणून थांबूनच राहते. बसच्या पाठीवरच्या जाहिरातीतली बाई रस्ता ओलांडेल म्हणून एकीने तिला भर चौकात पाच मिनिटं वाट दिली. खांद्यावर शिडी घेतलेला माणूस तिच्या लेखी माणूसच नाही, सांभाळा. बसवरून इकडे आलेला चष्मेवाला म्हणून एक ड्रायव्हर होता, त्याने दोन नंबरच्या गाडीचं नाव 'सासूबाई' ठेवलं होतं. कारण विचारायचं नाही, फक्त सांभाळून घ्यायचं. सगळे हसायचे. तोही हसायचा. पण त्या वहीत त्याने स्वतः कधी ओळ लिहिली नव्हती. या खोड्या गाड्यांच्या होत्या तोवर हसणं सोपं होतं, आणि आत बसणाऱ्या माणसांना कोणती खोड लागते ते कुणी लिहीत नव्हतं.

तो ॲम्ब्युलन्सवरचा माणूस. बावीस वर्षं. मागे कुणीतरी विव्हळतंय, पुढे रस्ता तुंबलाय, आणि त्यातून वाट काढायची. त्याच्या पायाला स्वतःचे डोळे होते असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. समोरच्याने ब्रेक लावायच्या आधी त्याचा पाय ब्रेकवर गेलेला असायचा. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. गुडघ्यांनी आणि झोपेने दगा दिला तेव्हा त्याने हे काम घेतलं: बसायचं, बघायचं, गरज पडली तर हात घालायचा. पहिल्या महिन्यात त्याने इतक्यांदा हात घातला की ऑफिसात बोलावणं आलं. साहेब त्याच्या पुतण्याच्या वयाचा. त्याने पडद्यावर एक आलेख दाखवला, सगळ्या ड्रायव्हरांच्या रेघा खाली सरपटत होत्या आणि त्याची एकटीची ताडासारखी उभी. "तुमचा पाय फार उतावीळ आहे," साहेब म्हणाला. "तुम्ही तिला चूक करूच देत नाही. मग ती शिकणार कशी? यातल्या दहापैकी नऊ वेळा ती आपणहून थांबली असती. मनात दोन मोजत चला. मग ठरवा." बावीस वर्षं ज्या पायाने माणसं वाचवली तो पाय उतावीळ. घरी येऊन तो त्या दिवशी जेवला नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, पोट बरं नाही.

पण नोकरी सोडायची नव्हती, आणि हार मानणं तर त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याने पायाला वळण लावायला घेतलं. रोज कामावर, समोर काही आलं की पाय ब्रेकवर न्यायचा, दोन बोटं वर रोखायचा आणि मोजायचं. एक. दोन. पहिले काही आठवडे पोटरीत असे गोळे यायचे की संध्याकाळी जिना चढवत नव्हता. बायको चष्म्याच्या दुकानात कारागीर होती. दिवसभर काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे स्क्रू पिळायचे. तिच्या उजव्या अंगठ्यात भलतीच ताकद होती. ती त्याची पोटरी मांडीवर घेऊन अंगठ्याने गोळा शोधायची आणि म्हणायची, "काही न करून एवढं दुखतं होय?" मग गोळे थांबले. मग मोजणंही थांबलं. मोजायची गरजच उरली नाही, पाय आपोआप जायचा आणि आपोआप थांबायचा. गाडी थांबायची. दहापैकी नऊ वेळा कशाला, शंभरातल्या नव्याण्णव वेळा ती थांबायची. सातव्या महिन्यात अख्ख्या डेपोत सगळ्यात कमी वेळा हात घालणारा म्हणून त्याला एक कप मिळाला, त्यावर त्याचा फोटो. त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. मेव्हण्याला कप दाखवायला तो मुद्दाम गॅरेजमध्ये गेला. मेव्हण्याला सगळे उस्ताद म्हणायचे, तोही म्हणायचा. ॲम्ब्युलन्स दुरुस्तीला यायची त्या दिवसांपासूनची ही दोस्ती, सोयरीक त्यातून पुढे झाली. उस्तादने हात पुसून कप उजेडात धरला आणि म्हणाला, "भावोजी, हातपाय न हलवण्याचं बक्षीस मिळालेला आमच्या घराण्यातला तू पहिलाच." आणि दोघं हसून हसून बेजार झाले.

"काका, पुढे डावीकडे उतरणीचा रस्ता घेऊ या का?" मुलीने विचारलं. "त्या रस्त्याचा डेटा कमी आहे आपल्याकडे."

उतरणीचा रस्ता. मुलीने लॅपटॉपवर रस्ता टाकला; त्याला गाडीने विचारलं नव्हतंच, ती वळली. झाडं दोन्ही बाजूंनी, खाली फर्निचरची दुकानं. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी सकाळी साडेदहाला तो इथूनच उतरत होता, स्वतःच्या सतरा वर्षं जुन्या गाडीतून, शेजारी बायको. पडद्याचं कापड आणायला निघाले होते. निळं घ्यायचं की राखाडी, यावरून तिचं चाललं होतं. वळण संपलं आणि खाली दुकानासमोर उभा असलेला टेम्पो त्याला दिसला. नीट दिसला. मागची फळी उघडी, दोन माणसं गादी उतरवतायत, फळीला एक लाल पट्टा लोंबतोय. अंतर भरपूर होतं. त्याने ॲक्सिलरेटर सोडला, पाय ब्रेककडे नेला, आणि दोन बोटं वर रोखला. झोप नव्हती. फोन नव्हता. डोळ्यांसमोर अंधारी वगैरे काही आली नव्हती, पुढे कितीतरी वेळा त्याने त्या अंधारीची आठवण काढून बघितली, पण ती नव्हतीच. उलट इतकं लख्ख दिसत होतं की पट्ट्याची शिवण उसवलेली होती तेही दिसलं. आणि मनात कामावर असते तशी ती निवांत, शहाणी, कपावर फोटो असलेल्या माणसाची शांतता. आता बघेल ती. आता थांबेल. बायको म्हणाली, "अहो." नुसतं सांगावं तसं. मग ओरडून म्हणाली, "अहो!" आणि उजवा हात पुढे टेकवला. गादीवाली माणसं उडी मारून बाजूला झाली. त्याचा पाय होता तिथेच होता.

आवाजापेक्षा नंतरची शांतता त्याच्या कानात राहिली. मग कुणीतरी दार ओढून उघडलं, आणि टेम्पोवाला खिडकीतून वाकून म्हणाला, "ब्रेक फेल का?" तो म्हणाला, "हो." त्या शब्दाला विचार लागला नाही. बुडत्याच्या हाताला काडी लागावी तसा तो लागला, आणि त्याने धरला. पोलिसाने येऊन रस्त्यावर बघितलं, चाकं घासल्याची खूण कुठेच नाही. ब्रेक निकामी, त्याने लिहून टाकलं, आणि त्याच्या दृष्टीने ते संपलं. पण दवाखान्यात उस्ताद धावत आला, बहिणीकडे गेला, तिच्या बोटांकडे बघितलं, मग बाहेर येऊन बाकावर त्याच्याशेजारी बसला. आठच दिवसांपूर्वी त्या गाडीच्या ब्रेकचं सगळं काम उस्तादने स्वतःच्या हाताने केलं होतं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "नीट आठवून सांग," तो म्हणाला. "पेडल कडक झालं, की खाली गेलं?"

खोट्याचा क्षण हाच होता, पहिला नव्हे. टेम्पोवाल्याशी बोलताना तो भानावर नव्हता, असं म्हणता आलं असतं. इथे तो पूर्ण भानावर होता. कडक झालं म्हटलं तर उस्ताद एका ठिकाणी शोधेल, खाली गेलं म्हटलं तर दुसऱ्या, आणि सांगितलं की मी पाय टेकवलाच नाही, तर कुठेच शोधणार नाही. आत पडद्यापलीकडे बायकोचा हात सरळ करत होते आणि ती कण्हत होती. "खाली गेलं," तो म्हणाला. "पार खाली." आणि म्हणताना त्याचा आवाज फाटला. उस्तादने त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "चुकलो मी. कुठे ते बघतो."

तीन आठवडे उस्ताद बघत होता. चेपलेली गाडी त्याने ओढून गॅरेजमध्ये आणली, ब्रेकचा एकेक भाग सुटा केला आणि जुन्या चादरीवर ओळीने मांडून ठेवला. दुसरं काम घेत नव्हता. लोक येऊन परत जायचे. काही जण आधीच येईनासे झाले होते, बहिणीच्या गाडीचे ब्रेक ज्याला धड बसवता आले नाहीत त्याच्याकडे आपली गाडी कोण देणार. खोटं बोललेला तो स्वतः दोनदा तिथे गेला, सांगायचंच म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते त्याला तेव्हा कळलं. उकिडव्या बसलेल्या उस्तादच्या पाठीकडे बघत तो उभा राहायचा, "जेवलास का?" विचारायचा आणि परत यायचा. वाटेत स्वतःला म्हणायचा, सापडणार तर काहीच नाही, न सापडल्यावर तो आपोआप मोकळा होईल. डॉक्टर म्हणाले होते, बोटं हलतील, पण बारीक काम जमेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. बायको रात्रीच्या जेवणाला डाव्या हाताने चमचा धरायची आणि भावाला उघड दोष देत नव्हती. एकदाच म्हणाली होती, "त्याचं लक्ष हल्ली नसतं कामात. वय झालं." तो खाली मान घालून जेवत राहिला होता.

गाडी उतरणीवरून नीट उतरली. फर्निचरच्या दुकानासमोर आज कुणी नव्हतं. काही झालं नाही. त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती.

"अगं," तो म्हणाला, "आपण जे करतो ते सगळं दिसतं का तुम्हाला मागून? म्हणजे पाय कुठे होता वगैरे?"

"दिसतं ना." तिने पहिल्यांदाच मान वर केली. "पेडलला सेन्सर आहे, खाली कॅमेरा आहे. सेकंदाच्या विसाव्या भागाचंसुद्धा कळतं. का हो?"

"सहज."

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं?" ती हसली. "नव्या ड्रायव्हरांना ट्रेनिंगमध्ये तुमच्याच पायाचा व्हिडिओ दाखवतो आम्ही. बाकीच्यांचा पाय थरथरतो, नाहीतर लगेच दाबला जातो. तुमचा कसा एकदम स्थिर. साहेब म्हणतात, पाय असा हवा."

किती जणांना दाखवला असेल? दर महिन्याला दहा-बारा नवे यायचे. कुणी बसवरून, कुणी टॅक्सीवरून, हयात रस्त्यावर घालवलेले. अंधाऱ्या खोलीत ते बसले असतील आणि समोर त्याचा तपकिरी बूट, मोठा करून, ब्रेकवर दोन बोटं तरंगत. मग ते आपापल्या जुन्या गाड्यांमधून घरी जात असतील, शेजारी बायका, मागे मुलं. त्याने गाडी हातात घेतली, कडेला लावली, दार उघडून पायरस्त्यावर वाकून उभा राहिला. डोळे आपल्याच तपकिरी बुटावर होते. मुलगी धावत आली. "काका, काय झालं? पाणी देऊ?" आणि मग, नोकरीत मुरलेली पोर ती, जरा ओशाळून म्हणाली, "ते… कारण बोलावं लागेल हो."

"ड्रायव्हर," तो म्हणाला. "कारण ड्रायव्हर." अकरा रकान्यांत ते बसत नव्हतं. तिने 'इतर'वर खूण केली.

काम सुटल्यावर तो गॅरेजमध्ये चालत गेला. अपघातानंतर त्याला नव्या गाडीची घाई नव्हती. शटर अर्धं ओढलेलं होतं, आतून बल्बचा पिवळा उजेड. भिंतीवरचे पाने काढून लाकडी पेटीत भरून ठेवलेले. जिथे ते वर्षानुवर्षं टांगलेले असत तिथे त्यांच्या आकाराचे काळपट डाग तेवढे उरले होते. उस्तादने त्याला बघितलं आणि तो लगबगीने उठला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, आणि ते समाधान होतं.

"सापडलं," उस्ताद म्हणाला. "ये, ये. इकडे उजेडात बघ."

त्याच्या तळहातावर रबराची एक चकती होती, बोटात घालता येईल एवढी. ब्रेक ऑइल धरून ठेवणारं सील. उस्तादने ती नखाने ताणली, तेव्हा कडेला केसाएवढी चीर दिसली. "ही. मीच बसवताना स्क्रूड्रायव्हर लागला असणार. यातून दाब निसटला की पेडल पार खाली जातं. तू म्हणालास तस्संच. इतके दिवस दिसत नव्हती बघ. काल संध्याकाळी दिसली."

त्याने चिरेकडे बघितलं. ती ताजी होती, आतलं रबर काळंभोर, तेल लागलेलंसुद्धा नव्हतं. चीर पडेपर्यंत शोधलं होतं या माणसाने. दहा वेळा काढून, दहा वेळा बसवून, शेवटी स्वतःच्याच हाताने पाडली होती आणि त्याला ते कळलंही नव्हतं. किंवा कळलं होतं.

"उस्ताद," तो म्हणाला, "पेडल खाली गेलं नव्हतं. मी दाबलंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पाय टेकवलाच नाही. कामावर आमचा पाय वर ठेवायची सवय असते. गाडी आपोआप थांबते. तसाच ठेवला मी. नुसता थांबून राहिलो. दवाखान्यात तुला खोटं सांगितलं."

उस्ताद त्याच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले, आणि याला वाटलं, सुटलो. पण उस्तादने मान हलवली. "तिने पाठवलं का तुला? का तुझं तूच ठरवलंस?"

"अरे, कुणी पाठवलं नाही. खरं सांगतोय."

"बावीस वर्षं मी तुझी गाडी बघतोय. तुझा पाय मला माहीत नाही? कुत्रं आडवं आलं तरी तू आधी थांबायचास आणि मग तुला कळायचं. तू, शेजारी माझी बहीण असताना, पाय टेकवला नाहीस?" तो जवळ आला आणि त्याने याचे दोन्ही दंड धरले. "त्या दिवशी बाकावर तू सांगितलंस तेव्हा तुझा आवाज कसा झाला होता. ते खोटं असतं का कधी? आता मी गॅरेज सोडतोय म्हणून तू अंगावर घेतोयस. नको घेऊस. माझं मला निस्तरू दे. पण तू आलास, बोललास, हे मी विसरणार नाही." मग त्याने एक स्टूल पुसलं, त्याला बसवलं आणि थर्मासमधला चहा त्याच्यापुढे केला. तो चहा प्यायला. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. तीन आठवडे उशिरा आलेलं खरं आता मायेसारखं दिसत होतं, आणि दाखवायला पुरावा काही नव्हता. त्या जुन्या गाडीत ना सेन्सर होता, ना कॅमेरा. उस्तादने ती चकती कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

घरी आला तेव्हा बायको खिडकीशी बसून डाव्या हाताने अक्षर गिरवत होती. दुकानाच्या पावत्या तरी लिहिता याव्यात म्हणून तिचं हे चाललं होतं. तो उभ्याउभ्याच बोलला. बसला असता तर पुन्हा राहिलं असतं. उस्तादला सांगितलं ते सगळं त्याने तिला सांगितलं, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, आणि शेवटी म्हणाला, "त्याला पटत नाही. तो म्हणतो, मी त्याच्यासाठी खोटं बोलतोय."

तिला लगेच पटलं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्याला वाटलं की तिने एकदा तरी 'शक्य नाही' म्हणायला हवं होतं. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"तो टेम्पो दिसत होता तुम्हाला?"

"दिसत होता."

"कुठून?"

"वळणापासून."

"मी पहिल्यांदा अहो म्हटलं, तेव्हा?"

"तेव्हाही."

"मी ओरडले तेव्हा?"

"हो."

प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं तिने दुसऱ्या हाताने चाचपली, एकेक. मग म्हणाली, "मी तुमच्या पायाकडे बघितलं होतं. तेव्हाच. नंतर मला वाटलं, मला भास झाला. मी माझ्या भावाला दोष दिला, पण तुमच्यावर असा संशय घेतला नाही." तिचा आवाज चढला नव्हता. तिने फोन उचलला. डाव्या अंगठ्याला नंबर सापडेना. तो मदतीला पुढे झाला, तर तिने नुसता खांदा वळवला. तो जागच्या जागी थांबला.

"दादा, मी बोलतेय. ब्रेक बरोबर होते… नाही, आधी ऐक. मी शेजारी बसले होते ना? त्यांचा पाय हललाच नाही, मी बघितलंय… हो, डोळे उघडे होते… नाही रे, दया कसली. दया करायची असती तर तीन आठवडे थांबले असते का?… ती चीर तुझी तूच पाडलीस, वेड्या. किल्ल्या देऊ नकोस शुक्रवारी. ऐकतोयस ना? देऊ नकोस." मग ती ऐकत राहिली. पलीकडून काय येत होतं ते त्याला कळत नव्हतं, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला तिच्याकडे हात नव्हता. शेवटी तिने फोन त्याच्यासमोर धरला. "तुम्हाला विचारायचंय म्हणतो."

त्याने फोन कानाला लावला.

"पाय कुठे होता?" उस्तादने विचारलं.

"ब्रेकच्या वर. दोन बोटं."

"किती वेळ?"

"शेवटपर्यंत."

"कशाची वाट बघत होतास?"

तीन आठवड्यांत हे कुणी विचारलं नव्हतं, त्याने स्वतःलासुद्धा नाही. बायको त्याच्याकडे बघत होती. "ती थांबेल म्हणून," तो म्हणाला.

शिवी आली असती तर त्याने झेलली असती; त्याने त्यासाठी डोळेही मिटून घेतले होते. पण उस्ताद बोलला तो अगदी हळू बोलला.

"सतरा वर्षांची जुनी गाडी ती, बाबा. तिला काय कळणार होतं? तिला पाय द्यावा लागतो."